भूकंपानंतरचा पहिला तास : इमारत आणि गल्ली म्हणून आपली तयारी काय?

चौथा_मजला

गेल्या आठवड्यात रात्री सव्वाअकराला आमच्याकडे जमीन हलली. फार नाही, सात-आठ सेकंद. आधी खालून ठोसा बसल्यासारखं झालं, जणू अवजड ट्रक दाराशी येऊन आदळला. मग दोन-तीन सेकंदांनी आडवे हेलकावे सुरू झाले. बंद पंखा झुलत होता, बादलीतलं पाणी काठावरून सांडलं, कपाटाचं दार आपोआप उघडलं.

पुढे जे झालं त्यासाठी हा धागा काढते आहे. सगळी इमारत जिन्याकडे धावली. सहा मजले, चोवीस घरं आणि जिना एकच. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सायकली ठेवलेल्या असतात, तिथे एक मुलगा पडला आणि त्याचं मनगट मोडलं. धक्क्याने कुणाला खरचटलंही नाही, जे काही झालं ते पळापळीत. खाली मोकळ्या जागेत दहा मिनिटं उभे राहिल्यावर कुणीतरी विचारलं, "आजी कुठे आहेत?"

आजी म्हणजे माझ्या समोरच्या दारातल्या. वय ब्याऐंशी, वॉकर घेऊन चालतात, त्या रात्री घरी एकट्या होत्या. मी त्यांच्या दारावरूनच पळत खाली आले होते. धावत वर गेले तर त्या अंधारात पलंगावर बसलेल्या. "थांबलं का गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. धक्का मोठा असता तर? आता सोसायटीची मीटिंग बोलावली आहे आणि सगळे मला विचारताहेत की करायचं काय. धोका नेमका कसा समजून घ्यायचा, इमारतीत काय पाहायचं, माणसांची तयारी कशी करायची? यातलं ज्याला जे माहीत आहे त्याने कृपया सविस्तर लिहा.

भूपट

ताई, तुमचं निरीक्षण फार नेमकं आहे, तिथूनच सुरुवात करतो. पहिला ठोसा ही प्राथमिक लहर, पी-वेव्ह. ती खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने येते. मागून येणारे हेलकावे म्हणजे दुय्यम लहर, एस-वेव्ह, तिचा वेग साधारण साडेतीन किलोमीटर. नुकसान मुख्यतः ही दुसरी आणि तिच्यामागून येणाऱ्या पृष्ठभागावरच्या लहरी करतात. दोन्हींमधलं अंतर सेकंदांत मोजून आठाने गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला याचा ढोबळ अंदाज येतो. तुमचे दोन-तीन सेकंद म्हणजे सोळा ते चोवीस किलोमीटर. छोटा भूकंप, पण जवळचा.

काही देशांत फोनवर इशारा येतो तोही याच फरकाच्या जोरावर. भूकंप झालेला असतो, पी-लहर जवळच्या यंत्रावर नोंदली जाते आणि एस-लहर शहरात पोचायच्या आत संदेश पोचतो. केंद्र दूर असेल तर काही सेकंद ते मिनिटभर वेळ मिळतो. केंद्र पायाखालीच असेल तर काहीच नाही.

आता दुसरी गोष्ट, कारण बातम्यांमध्ये यावर कायम घोळ होतो. मॅग्निट्यूड आणि तीव्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वयंपाकघरात पितळी पातेलं पडलं तर पडणं एकच असतं. पण स्वयंपाकघरात कान बधिर होतात, माजघरात दचकायला होतं आणि अंगणातल्या माणसाला जेमतेम ऐकू येतं. मॅग्निट्यूड म्हणजे ते पडणं, एका भूकंपाला एकच आकडा. एक अंक वाढला की जमिनीच्या हालचालीची नोंद दहापट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. तीव्रता म्हणजे तुमच्या दारात काय जाणवलं. ती मर्काली मापनात १ ते १२ अशी मोजतात आणि ती गल्लीगणिक वेगळी असू शकते.

न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च पाहा. सप्टेंबर २०१० मध्ये शहराच्या पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर ७.१ चा भूकंप झाला. पहाटेची वेळ, थेट मृत्यू एकही नाही. शहराने सुटकेचा श्वास सोडला. २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी ६.२ चा झाला. ऊर्जा आधीच्याच्या जेमतेम विसावा हिस्सा, पण तो शहराला अगदी खेटून आणि उथळ होता. १८५ माणसं गेली. त्यातली ११५ एकाच इमारतीत.

म्हणून "आपल्याकडे कधी मोठा होत नाही" या वाक्यावर मीटिंगमध्ये कुणी विसंबू नये. किल्लारीचा परिसर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

वाळूसिमेंट

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. भूपट यांनी खडकापर्यंतचं सांगितलं, त्यावरची माती आणि मातीवरची इमारत माझ्याकडे.

माती आधी. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिकोच्या किनाऱ्यावर ८.० चा भूकंप झाला. मेक्सिको सिटी तिथून साडेतीनशेहून जास्त किलोमीटर लांब. तरी शहरात हजारो माणसं गेली, कारण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर उभा आहे. त्या मऊ चिकणमातीचा झुलण्याचा स्वतःचा ठेका साधारण दोन सेकंदांचा. झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकलत राहिलं की झोका वाढत जातो, तसंच. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती त्या ठेक्यात सापडल्या आणि सगळ्यात जास्त त्याच पडल्या. त्यांच्या शेजारची दोनमजली घरं आणि जुनी दगडी बांधकामं कितीतरी ठिकाणी उभी राहिली. इमारत बुटकी म्हणजे सुरक्षित, उंच म्हणजे धोक्याची, असं सरसकट नसतं. कुठली उंची कुठल्या मातीवर, हे महत्त्वाचं.

दुसरा प्रकार म्हणजे माती पातळ होणं, द्रवीकरण. हे मीटिंगमध्ये करून दाखवा. घमेल्यात वाळू घ्या, वरपर्यंत पाणी मुरू द्या, वर एक वीट उभी ठेवा आणि घमेल्याच्या कडेवर हाताने टपटप मारत राहा. थोड्या वेळात वाळूवर पाणी तरंगतं आणि वीट कलून आत जाते. १९६४ मध्ये जपानच्या निगाता शहरात चारमजली इमारती अशाच आडव्या झाल्या. भिंतींना फारसा तडा नाही, इमारत मात्र कुशीवर. नदीकाठ, भराव, बुजवलेलं तळं, मुजवलेला ओढा अशा जागी हा धोका मोठा. म्हणून पहिला प्रश्न वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "इथे इमारती यायच्या आधी काय होतं?" आणि दुसरा, सोसायटीच्या कागदपत्रांत मातीपरीक्षणाचा अहवाल आहे का ते शोधा.

आता इमारत. ताई, तुमच्याकडे तळमजल्यावर पार्किंग आहे का? बहुतेक असणारच. वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती आणि खाली नुसते खांब. हलताना वरचे मजले एका ठोकळ्यासारखे एकत्र सरकतात आणि सगळं वाकणं तळमजल्याच्या खांबांच्या डोक्यावर येतं. याला आम्ही सॉफ्ट स्टोरी म्हणतो. २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप अहमदाबादपासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब झाला होता. तरी तिथल्या कितीतरी बहुमजली इमारती कोसळल्या आणि त्यांतल्या बऱ्याच अशाच, खाली मोकळं पार्किंग असलेल्या.

दिव्याच्या उजेडात पार्किंगमध्ये फिरा आणि प्रत्येक खांब वरपासून खालपर्यंत पाहा. गंजाचे तपकिरी ओघळ, फुगलेलं प्लास्टर, उघडी पडलेली सळई, तिरपी किंवा फुलीसारखी भेग, पाइप नेण्यासाठी खांबाला पाडलेलं भोक. वर कुणी हॉल मोठा करायला भिंत पाडली आहे का, गच्चीवर मूळ आराखड्यात नसलेली टाकी चढवली आहे का, शेजारच्या इमारतीशी फट किती, हेही बघा. फट कमी असेल तर दोन इमारती एकमेकींवर आदळतात.

एक गोष्ट मात्र डोळ्यांनी दिसत नाही. खांबातल्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगा. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात वळवलेलं असेल तर जोरात हलल्यावर ती उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोक १३५ अंशांत आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रुतवलेलं असेल तर ती धरून ठेवते. फरक बोटाएवढ्या सळईचा, पण खांब टिकणार की बसणार ते त्यावर ठरतं. नवीन बांधकाम चालू असेल तर काँक्रीट ओतायच्या आधी जाऊन हे जरूर पाहा.

जुन्या इमारतीला उपाय नाही असं समजू नका. पार्किंगमध्ये ठरावीक जागी काँक्रीटच्या भिंती किंवा पोलादी तिरपे आधार देता येतात, खांबांना बाहेरून वेष्टण घालून जाड करता येतं. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून गणित करून घ्या. भेगेवर प्लास्टर मारून रंग देणाऱ्याकडून नको. झाकलेली भेग पुढच्या तपासणीत दिसतसुद्धा नाही.

पायवाट

मी भाड्याने राहतो, मालकाच्या खांबांबद्दल माझं कोण ऐकणार? मला एवढंच सांगा, धक्का बसला की करायचं काय? लहानपणी दाराच्या चौकटीत उभं राहायला शिकवलं होतं. एका व्हिडिओत पलंगाच्या बाजूला आडवं पडा, तिथे त्रिकोणी जागा उरते, असंही पाहिलं.

शाळेची_घंटा

मी शाळेत दरवर्षी सराव घेते, म्हणून लिहिते.

चौकटीचा सल्ला जुन्या मातीच्या घरांवरून आला. पडझडीत चौकट तेवढी उभी दिसायची. आजच्या घरात चौकट भिंतीपेक्षा भक्कम नसते, वर दार बोटांवर आपटतं. त्रिकोणाचा सल्लाही मनातून काढून टाका. इमारत कशी पडेल, कपाट कुठे सरकेल आणि पोकळी कुठे उरेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. शिवाय बहुतेक भूकंपांत बहुतेक इमारती पूर्ण कोसळत नाहीत. माणसं जखमी होतात ती पडणाऱ्या वस्तूंनी, काचांनी आणि पळताना.

म्हणून तीन गोष्टी, याच क्रमाने. गुडघ्यांवर बसा, म्हणजे जमीन तुम्हाला पाडणार नाही. भक्कम टेबलाखाली शिरा, टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी, खिडकीपासून लांब, दोन्ही हातांनी मान आणि डोकं झाका. टेबलाचा पाय घट्ट धरा, ते सरकलं तर त्याच्याबरोबर सरका. हलणं थांबेपर्यंत जिना नाही, लिफ्ट नाही, बाल्कनी नाही. पलंगावर असाल तर पलंगावरच पालथे व्हा, उशी डोक्यावर. ताई, तुमच्या आजी पलंग सोडून उठल्या नाहीत ते बरोबरच केलं.

याला अपवाद एकच. जड छपराचं, दगडमातीचं बैठं घर असेल आणि दोन पावलांवर मोकळं अंगण असेल तर बाहेर पडणंच शहाणपणाचं. किल्लारीत जाड दगडी भिंती आणि वर मातीचा थर असलेली धाब्याची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. शहरातल्या चौथ्या मजल्याला हा अपवाद लागू नाही.

पायवाट, भाडेकरूलाही करता येण्यासारखं खूप आहे. कपाट भिंतीला कोनपट्टीने आवळायचं, जड वस्तू खालच्या कप्प्यात, पलंगाच्या डोक्याशी फ्रेम किंवा आरसा नको. पलंगाच्या पायाला एका पिशवीत बांधून बूट आणि टॉर्च. काचा पडलेल्या फरशीवर अनवाणी चार पावलं टाकून बघितलीत की पिशवी कशाला, ते कळेल.

सराव मात्र करायलाच हवा, वाचून अंगवळणी पडत नाही. २०१७ मध्ये मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबरलाच, १९८५ च्या स्मरणार्थ, सकाळी अकराला शहरभर सराव झाला आणि दुपारी सव्वाच्या सुमारास खरा ७.१ चा भूकंप आला. दोन तासांपूर्वी कुठे उभं राहिलो होतो हे तेव्हा लोकांच्या पायांना माहीत होतं.

जागता_पहारा

आमच्या ग्रुपवर आत्ताच आलंय, "आज रात्री २ वाजता ७.५ चा भूकंप, शास्त्रज्ञांचा इशारा, सर्वांनी बाहेर झोपा." पुढे पाठवू का नको? लहान मुलं आहेत घरात.

भूपट

पाठवू नका. आणि ज्याने पाठवलं त्याला प्रेमाने सांगा की तारीख, वेळ आणि आकडा सांगणारा इशारा जगात कुठलीही संस्था देऊ शकत नाही. चीनमध्ये १९७५ मध्ये हायचंगला आधीच्या छोट्या धक्क्यांवरून लोकांना बाहेर काढलं आणि मोठा भूकंप खरंच आला. जगाला वाटलं, गुपित उलगडलं. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ ला, तांगशानला कसलाही इशारा नव्हता. सरकारी आकडा २ लाख ४२ हजार मृत्यूंचा आहे.

पण तुमची भीती बिनबुडाची नाही, म्हणून जे ठामपणे माहीत आहे ते सांगतो. एका धक्क्यानंतर पुढच्या काही दिवसांत त्याहून मोठा येण्याची शक्यता असते. कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून ती साधारण ५ टक्के धरतात. म्हणजे बहुतेक वेळा मोठा येत नाही, पण तो आठवडा जरा सावधपणे घालवावा. मोठ्या भूकंपानंतरचे धक्के दिवसागणिक विरळ होत जातात, ओमोरी या जपानी शास्त्रज्ञाने हे १८९४ मध्येच मांडलं. संख्या घटते, प्रत्येक धक्क्याचा जोर घटेलच असं नाही. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ नंतर १२ मे ला ७.३ चा आला, सतरा दिवसांनी. तडा गेलेल्या घरात सामान काढायला शिरलेल्या माणसाने हा आकडा लक्षात ठेवावा.

कोपऱ्यातलं_घर

सगळं पटतं, पण एक स्पष्ट विचारतो. ढिगाऱ्यातून माणसं काढणं हे प्रशिक्षित जवानांचं काम. आपण सामान्य लोकांनी त्यात हात घालू नये. वस्तीत पथकं वगैरे बनवून उगाच आणखी जीव धोक्यात.

निशिगंध_७

मी अपघात विभागात नर्स आहे. दादा, तुमची भीती खरी आहे, पण वेळेचं गणित वेगळं आहे.

१७ जानेवारी १९९५, जपानमधलं कोबे, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटं. सहा हजार चारशेहून जास्त मृत्यू. अंदाजे पस्तीस हजार माणसं घरांखाली अडकली होती आणि जी बाहेर निघाली त्यातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांना शेजाऱ्यांनी आणि घरच्यांनी काढलं. अग्निशमन दल कमी पडलं यात त्यांचा दोष नव्हता. एकाच मिनिटात शेकडो ठिकाणांहून बोलावणं आलं, रस्ते बंद, पाण्याच्या लाइनी फुटलेल्या. जपानसारख्या देशात हे झालं. तुमच्या दारात पहिला तास शेजारीच असणार, तो तयार असो वा नसो.

आणि तयार नसलेल्या शेजाऱ्याचं काय होतं तेही खरं आहे. १९८५ ला मेक्सिको सिटीत लोकांनी स्वतःहून आठशेहून जास्त जणांना वाचवलं आणि त्या धडपडीत शंभराहून जास्त मदत करणारे गेले. ते पाहूनच लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने त्याच वर्षी नागरिकांना शिकवायला सुरुवात केली. पथक बनवायचं ते जीव धोक्यात घालायला नाही, कुठे थांबायचं ते कळायला. साधा नियम आहे. इमारत कललेली असेल, खांब फुटला असेल, गॅसचा वास येत असेल तर आत जायचं नाही, बाहेरून हाका मारायच्या आणि जागा नोंदवायची. किरकोळ नुकसान असेल तरच आत, तेही दोघं मिळून, डोक्यावर हेल्मेट, आणि आत कोण गेलं हे बाहेर एकाने लिहून ठेवायचं.

हाक मारल्यावर सगळ्यांनी एकदम गप्प व्हायचं. मेक्सिकोत यासाठी मूठ वर करतात. एकाने केली की बघणाऱ्याने करायची, मिनिटभरात सगळी गल्ली मुठी वर करून उभी आणि टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत आतून पाइपावर ठोकल्याचा आवाज येतो. आपण अडकलो तर ओरडून दम घालवू नये, धूळ आत जाते. शिट्टी किंवा ठोकणं, तीनदा, थांबून पुन्हा तीनदा.

माझ्या कामाच्या तीन गोष्टी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड आणि तळहाताचा घट्ट, न हलवता दाब, मिनिटामिनिटाला उचलून बघायचं नाही. मांडी किंवा पाय तासाभराहून जास्त वेळ जड वजनाखाली चेपलेला असेल तर घाईने वजन उचलू नका. चेपलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येऊन हृदय बंद पडू शकतं, सुटका करायच्या आधी सलाइन लागतं. त्या माणसाशी बोलत राहा, वेळ लिहून ठेवा आणि वैद्यकीय मदत तिथे आणा. तिसरं, चालता येणाऱ्या, किरकोळ लागलेल्या माणसांनी जवळच्या दवाखान्यात गर्दी करू नये. तेच सगळ्यात आधी पोचतात, आणि गंभीर माणूस येईपर्यंत आमचे हात भरलेले असतात. मलमपट्टी इमारतीखाली झाली तर आमच्यावर तुमचे उपकार होतील.

वाळूसिमेंट

निशिगंधताईंना पूर्ण अनुमोदन. आगीचं जोडतो. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को तीन दिवस जळत राहिलं, कारण पाण्याच्या लाइनी जमिनीतच तुटल्या होत्या. त्याच शहरात १७ ऑक्टोबर १९८९ ला पुन्हा तसंच झालं, मरिना भागातल्या भरावाच्या जमिनीत पाइप तुटले. तेव्हा खाडीतल्या अग्निशमन बोटीतून पाणी आणलं आणि नळ्या ओढायला रहिवासी धावले. त्यानंतर तिथेही नागरिकांची प्रशिक्षित पथकं उभी राहिली. नळाला पाणी नसणारच असं धरून चाला. प्रत्येक मजल्यावर अग्निशामक, तोही वापरता येणारा माणूस असलेला. गॅसचा वास किंवा फुसफुस असेल तर कॉक बंद, खिडक्या उघड्या, आणि दिव्याचं बटण चालू किंवा बंद दोन्ही करायचं नाही.

चाकांवरची_मी

मी व्हीलचेअर वापरते. चौथा_मजला ताई, तुम्ही मनाला लावून घेतलंय म्हणून लिहिते. आजींना विसरलात ते दुष्टपणाने नाही, आधी ठरलेलं नव्हतं म्हणून. ठरवा, म्हणजे विसरणार नाही.

मात्र ठरवताना आम्हाला विचारून ठरवा. धक्का बसला की मी ब्रेक लावते, पुढे वाकते, हातांनी मान झाकते. त्या वेळी कुणी मला उचलू नये. नंतर उतरवायचं तर कसं ते मी सांगेन. माझा पाठीचा कणा कुठे धरायचा नाही हे मलाच माहीत आहे. दोन माणसं नेमा, एक नको, तो त्या दिवशी गावाला असेल. कमी ऐकू येणाऱ्यांच्या दारावर थापा मारून उपयोग नाही, टॉर्च दाराच्या फटीतून उघडझाप करा. यंत्रावर श्वास घेणारं किंवा इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर त्यांची वीज आणि बर्फाची सोय आधी. हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहा आणि यादी एका पाकिटात ठेवा, सूचनाफलकावर नाही. एकटी राहणारी बाई कुठल्या घरात आहे हे सगळ्या जगाला कळायला नको.

आणि आम्हाला फक्त 'मदत लागणारे' या रकान्यात टाकू नका. मी जिने चढू शकत नाही, पण खाली बसून कोण सापडलं, कोण राहिलं याची नोंद चोवीस तास ठेवू शकते. फोन लागत नसताना छोटा मेसेज जातो. बाहेरगावचा एक नंबर सगळ्यांनी ठरवलेला असेल तर शहरातल्या शहरात न लागणारी माणसं त्याच्यामार्फत सापडतात. ते काम मी आमच्या इमारतीत घेतलंय.

चौथा_मजला

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे प्रतिसाद छापून मीटिंगला नेले होते. घमेल्याचा प्रयोग केला. वीट कलली तेव्हा बडबड थांबली. मग तळमजल्यावरच्या काकांनी सांगितलं की आमच्या मागच्या भिंतीच्या जागी पूर्वी ओढा होता, त्यात ते पोहले आहेत. वीस वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं.

रविवारी आठ जण मिळून इमारत फिरलो. गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली एकाच घरात. जिन्यातल्या सायकली खाली आणल्या. गॅसचा मुख्य कॉक दोन घरांत गंजून अडकलेला, हाताने फिरेना. आजींकडे गेलो तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यांच्या उशाला लोखंडी कपाट आणि त्यावर जुनी ट्रंक, भांड्यांनी भरलेली. त्या रात्री हेलकावे जरा जास्त टिकते तर त्या बरोबर वागूनही वाचल्या नसत्या. ट्रंक त्याच दुपारी खाली काढली, कपाट दुसऱ्या भिंतीला नेऊन वर-खाली दोन पट्ट्यांनी आवळलं.

पाण्याचं ठरलं, माणशी दिवसाला चार लिटर, निदान तीन दिवसांचं, प्रत्येक घरात. मजल्यावर दोघं जबाबदार, एक दिवसा घरी असणारं आणि एक रात्री. घरातले सगळे ठीक असतील तर दाराच्या कडीला पांढरा रुमाल बांधायचा, म्हणजे शोधणाऱ्यांचा वेळ त्या दारावर जाणार नाही.

काल सराव झाला. शिट्टी वाजली, मी टेबलाखाली साठ सेकंद मोजले. साठ सेकंद किती मोठे असतात ते तिथे कळलं. बाहेर आले तर समोरच्या दाराला रुमाल आधीच बांधलेला, आणि आत आजी खुर्चीत, मांडीवर टॉर्च.

वाळूसिमेंट दादा, पार्किंगमधल्या मागच्या कोपऱ्यातल्या खांबाचा फोटो पाठवलाय, ओढ्याच्या बाजूचा. वर तिरपी भेग आहे आणि प्लास्टर ठोकलं की पोकळ वाजतं. कमिटीतले दोघं म्हणतात पावसाळ्यानंतर बघू.

वाळूसिमेंट

ताई, फोटो मोठा करून पाहिला. पावसाळ्याची वाट बघू नका. भेग खांबाच्या डोक्याशी, तुळईच्या खालीच आहे आणि तिथेच वाकणं सगळ्यात जास्त येतं. आज दोन गोष्टी करा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करा, मधलं अंतर मोजून तारखेसह लिहा, रोज त्याच वेळी पुन्हा मोजा. आणि त्या खांबाशेजारी गाड्या लावणं थांबवा, मुलांना तिथे खेळू देऊ नका. इंजिनिअर येईल तेव्हा त्याला सैल प्लास्टर काढून सळई आणि रिंगा उघड्या करून दाखवायला सांगा, मातीपरीक्षणाचा अहवाल हातात द्या आणि ओढ्याचं आवर्जून सांगा. रिंगांची टोकं कशी वळवली आहेत त्याचा जवळून फोटो काढा आणि इथे टाका, मी थांबलोय.